काढायचं कुणाला?

प्रसिद्ध माणसांना धंद्याच्या स्पर्धेत उतरवणारे कार्यक्रम पाहताना प्रेक्षकाचे लक्ष धंद्याकडे फारसे नसते, असे माझे मत दिवसेंदिवस पक्के होत चालले आहे. माल किती खपला, जाहिरातीचा मजकूर कसा जमला, दर कुणी ठरवला, यातले दुसऱ्या दिवशी त्याला काही आठवत नाही. पण कोण कुणावर खेकसले, कुणी दुसऱ्याच्या कष्टाचे श्रेय आपल्या नावावर घेतले आणि हार पदरात पडल्यावर पहिले बोट कुणी कुणाकडे दाखवले, हे तो बारकाव्यांसह सांगतो आणि सांगता सांगता निकालही देऊन टाकतो. मी कोल्हापुरात वाणिज्य शाखेच्या मुलांना व्यवस्थापन शिकवते. गटाने काम करताना काय काय होते, हे समजावण्यासाठी ‘सेलिब्रिटी अप्रेंटिस’ या अमेरिकन कार्यक्रमाचे तुकडे मी वर्गात दाखवते, आणि ते तुकडे घरी निवडत बसले की घरातली माणसे एकेक करून मागे येऊन बसतात. त्यामुळे एकाच प्रसंगावरचे दोन ठिकाणचे अभिप्राय मला ऐकायला मिळतात, आणि खरे सांगायचे तर आता मला कार्यक्रमापेक्षा त्या अभिप्रायांचीच गोडी अधिक लागली आहे.

मूळचा ‘द अप्रेंटिस’ ८ जानेवारी २००४ रोजी एनबीसी या अमेरिकन वाहिनीवर सुरू झाला. निर्माते मार्क बर्नेट, आणि मालकाच्या खुर्चीत डोनाल्ड ट्रम्प. नोकरीच्या शोधातली माणसे दोन गटांत विभागायची, दर आठवड्याला त्यांना विक्रीचे किंवा जाहिरातीचे एखादे काम द्यायचे, हरलेल्या गटाला लांबलचक टेबलासमोर बसवून जाब विचारायचा आणि त्यांच्यातल्या एकाला काढून टाकायचे, असा त्याचा साचा होता. शेवटी उरणाऱ्याला ट्रम्प यांच्या उद्योगात वर्षाला अडीच लाख डॉलर पगाराची नोकरी मिळे. काही हंगामांनंतर लोकांचा रस आटत गेला, तेव्हा जानेवारी २००८ पासून या उमेदवारांच्या जागी गायक, नट, खेळाडू, निवेदक अशी आधीच नाव कमावलेली माणसे आणली गेली आणि ती आपापल्या पसंतीच्या धर्मादाय संस्थेसाठी खेळू लागली. हे सगळे मी मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, सविस्तर समजावून सांगितले तेव्हा त्यांनी जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही. “ह्यांना नोकरीच द्यायची न्हाई, तर काढत्यात कशातनं?”

मामांची सारी हयात मार्केट यार्डातल्या एका गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी म्हणून गेली. रोजकीर्द, खतावणी, शेतकऱ्याची पट्टी, हमाली आणि तोलाईची वजावट, यांतून त्यांची नजर घडलेली आहे. आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, इंग्रजी कळत नाही आणि त्याने त्यांचे काही अडतही नाही; कोण बोलताना समोरच्याकडे पाहत नाही, कोण आयत्या वेळी गळा काढते, हे त्यांना आवाज बंद असला तरी समजते. माझ्या दिरांचा मुलगा उद्यमनगरात एका मशीन शॉपवर सुपरवायझर आहे आणि तो रात्रपाळी नसली की आमच्याकडेच जेवायला असतो. या तिघांचे कुणाही स्पर्धकाबद्दल एकमत झालेले मी पाहिलेले नाही.

या कार्यक्रमाच्या २०११ सालच्या हंगामातला एक भाग मी नेहमी दाखवते. दोन्ही गटांनी चित्रे आणि कलावस्तू तयार करायच्या आणि त्या विकून पैसे उभे करायचे, असे काम होते. पुरुषांच्या गटात मीट लोफ नावाने गाजलेला धिप्पाड रॉक गायक होता आणि त्याच्यासोबत गॅरी ब्यूसी हा तऱ्हेवाईक स्वभावाचा नट. आपण स्वतः आणलेले रंगाचे सामान ब्यूसीने उचलले, अशा समजुतीने मीट लोफ भर कामाच्या जागी असा काही भडकला की ते दृश्य आजही लोक शोधून शोधून पाहतात. त्याचा चेहरा लालबुंद होतो, शिव्या झाकण्यासाठी टाकलेल्या पिपाणीच्या आवाजात वाक्याचा एकही शब्द शिल्लक राहत नाही, बाकीचे मध्ये पडतात, आणि ज्याच्यावर हा वर्षाव चालला आहे तो ब्यूसी मात्र आपण कुठे आलो आहोत अशा मुद्रेने उभा असतो. सामान नंतर तिथेच सापडले आणि मीट लोफने माफीही मागितली. माझ्या वर्गात हा तुकडा लागला की बाके वाजतात. मागच्या रांगेतून “नाद खुळा, भावा” अशी दाद येते, आणि एकदा एका मुलाने तर अत्यंत गंभीरपणे विचारले होते की रंग नक्की कुठल्या कंपनीचे होते.

त्याच भागात दुसऱ्या गटाची प्रमुख मार्ली मॅटलिन होती. ही कर्णबधिर अभिनेत्री. तिला ऑस्कर मिळालेले आहे. खुणांच्या भाषेत बोलायची आणि शेजारचा दुभाषी ते मोठ्याने सांगायचा. तिने त्या एका कामात आपल्या संस्थेसाठी नऊ लाख शहाऐंशी हजार डॉलर उभे केले, म्हणजे त्या वेळच्या दराने चार कोटींहून अधिक रुपये, आणि ट्रम्प यांनी वरचे चौदा हजार घालून दहा लाख पुरे करण्याचे तिथल्या तिथे जाहीर केले. मी वर्गाला दोन्ही प्रसंग पाठोपाठ दाखवते. आठवड्याभराने विचारले की रंगाचे भांडण सर्वांना आठवते आणि मॅटलिनचे नाव एखाद्दुसऱ्यालाच. मुलांना याबद्दल बोल लावावा, असे मला वाटत नाही, कारण संकलकाने भांडणाला दिलेला वेळ आणि पैसे उभे करण्याच्या खटपटीला दिलेला वेळ यांचे प्रमाणच असे आहे की दुसरे काही लक्षात राहू नये. फोनवर फोन करणे, ओळखीच्या माणसाला तिसऱ्यांदा गळ घालणे, आकडा कागदावर मांडणे, हे पडद्यावर दिसायला काहीच नसते.

घरी हाच तुकडा मामांनी पाहिला आणि ओरडण्याकडे ढुंकूनही न पाहता विचारले, “फरक कितीचा?” म्हणजे जिंकलेल्या आणि हरलेल्या गटांच्या रकमांतला. पुरुषांच्या गटानेही सहा लाखांवर डॉलर जमवले होते, असे सांगितल्यावर ते थक्क झाले. सहा लाख डॉलर दानासाठी आणणाऱ्या माणसांना गुन्हेगारासारखे रांगेत बसवून तुमच्यातला नालायक कोण, असे विचारायचे, हे त्यांच्या हिशेबात बसेना. पुतण्या मात्र मीट लोफच्या बाजूचा. त्याचे म्हणणे असे की ज्याला कामाची तळमळ असते तोच ओरडतो, गप्प बसणाऱ्याला काही पडलेली नसते. आत्यांनी त्यावर इतकेच विचारले की तू तुझ्या शॉपवर असाच ओरडतोस काय. तो भाकरीचा तुकडा मोडत राहिला.

ओरडणाऱ्या पुरुषाला मिळणारी ही तळमळीची सवलत बाईला मात्र मिळत नाही, आणि या बाबतीत आमचे घर, माझा वर्ग आणि अमेरिकन प्रेक्षक यांच्यात मला तसूभरही फरक दिसलेला नाही. २००४ च्या पहिल्याच हंगामातली ओमारोसा मॅनिगॉल्ट ही तिथल्या प्रेक्षकांच्या दृष्टीने इतकी खलनायिका ठरली की केवळ त्या ओळखीवर तिला २००८ मध्ये प्रसिद्ध व्यक्तींच्या हंगामात आणि पुन्हा २०१३ मध्ये बोलावण्यात आले. २०१२ च्या हंगामातली विनोदी कलावंत लिसा लॅम्पनेली ओरडली तेव्हा ती कजाग ठरली आणि रडली तेव्हा नाटकी ठरली. स्टार जोन्स ही पेशाने वकील; २०११ च्या हंगामात कामाची आखणी काटेकोर करायची, कुणी काय करायचे ते स्पष्ट सांगायची, आणि आवाज चढवायचीही गरज तिला पडत नसे. माझ्या वर्गाने तिच्याविषयी दिलेला अभिप्राय दोन शब्दांचा होता: “लई शहाणी.” तो देणाऱ्यांत मुलीही होत्या.

तास संपल्यावर त्यांच्यातलीच एक मुलगी मागे थांबली. वर्गात ती काही बोलली नव्हती. ती म्हणाली, “मॅडम, आमच्या प्रोजेक्टचं सगळं टायपिंग मी केलं, सर्व्हे मी केला, आणि सरांसमोर बोलला दुसराच. मी काही म्हणाले असते तर मलाही हेच म्हणाले असते की.” स्टार जोन्सबद्दल तिला फारशी आपुलकी नव्हती आणि कार्यक्रमाशीही तिला विशेष देणेघेणे नव्हते. त्या टेबलाभोवती बसलेल्यांत तिने आपला गट पाहिला होता, आणि माझ्या मते बहुतेक प्रेक्षक हेच करतात. ज्याला त्याला आपल्या कामाच्या जागेवरचे कुणीतरी त्या पडद्यावर सापडते: काम टाळून साहेबासमोर मिरवणारा, ऐन वेळी अंग काढून घेणारा, गोड बोलून दुसऱ्याच्या गळ्यात घंटा बांधणारा. त्या खऱ्या माणसाला आपण काही बोलू शकलेलो नसतो. बोललो तर नोकरी जाते किंवा संबंध जातात. पडद्यावरचा गायक किंवा नट हा मात्र फुकटात शिव्या देता येईल असा माणूस असतो. त्याचे नाव मोठे असल्यामुळे आपल्या बोलण्याने त्याचे काही बिघडणार नाही, अशी आपली खात्री असते आणि म्हणून जीभ सैल सुटते.

पैसे उभे करण्याचा जो प्रकार या प्रसिद्ध मंडळींच्या हंगामांत चालतो, तो कोल्हापुरातल्या कुठल्याही पेठेत वाढलेल्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. वस्तू विकायची हे निमित्त असते. खरी विक्री ओळखीची असते. गणपतीच्या आधी मंडळाचे पावती पुस्तक घेऊन फिरणाऱ्या पोरांना ठाऊक असते की दुकानदार वर्गणी मंडळाला देत नाही, दारात कोण उभा आहे त्याला देतो. २००९ च्या हंगामात पोकर खेळाडू ॲनी ड्यूक हिने हेच केले. पत्त्यांच्या दुनियेतल्या तिच्या मित्रांनी मोठाल्या रकमा आणून दिल्या आणि अंतिम फेरीत तिच्यासमोर उभ्या असलेल्या जोन रिव्हर्स या पंचाहत्तरीच्या विनोदी अभिनेत्रीपेक्षा तिची जमा कितीतरी जास्त झाली. जोनची मुलगी मेलिसा त्याच हंगामात होती. तिला काढल्यावर आई आणि मुलगी दोघींनी जो थयथयाट केला आणि जोनने ॲनीला जे टोकाचे बोल लावले, त्यांवरून आमच्या घरी सरळ दोन तट पडले.

आत्या जोनच्या बाजूच्या. पोरीचा अपमान झाला की आईचे भान सुटणारच, आणि या वयात ती बाई उभी राहून काम करते आहे, एवढे त्यांना पुरेसे होते. पोकर म्हणजे जुगार, आणि जुगाराच्या पैशाने कसले आले पुण्य, असा त्यांचा दुसरा मुद्दा होता, जो जोननेही वेगळ्या आणि कितीतरी उग्र शब्दांत मांडलेला होता. मामांनी ॲनीची बाजू घेतली ती निव्वळ आकड्यावर. शेवटी जोन रिव्हर्स जिंकली. मामा दिवसभर धुसफुसत होते. “मग जमा रकमेला अर्थ काय राहिला? पहिल्यांदाच सांगायचं की गुण कशाला हाईत.” मला स्वतःला ॲनी ड्यूकची हुशारी मान्य होती आणि तरीही जोन जिंकल्याचा आनंद झाला होता, याचे समर्थन मी वर्गात कधी केलेले नाही आणि इथेही करत नाही.

गुण कशाला आहेत, हा मामांचा प्रश्न पियर्स मॉर्गन यांच्याबाबतीत आणखी अवघड होतो. हे ब्रिटिश पत्रकार. अमेरिकेतल्या पहिल्याच सेलिब्रिटी हंगामाचे, म्हणजे २००८ चे, विजेते. ट्रेस ॲडकिन्स या उंचापुऱ्या, सभ्य वागणुकीच्या गायकाला त्यांनी अंतिम फेरीत हरवले. मॉर्गन यांचे बोलणे तिखट, समोरच्याला डिवचण्याची सवय अंगात भिनलेली, आणि प्रेक्षकांतल्या बऱ्याच जणांना ते नकोसे वाटत. पण त्याच्या आदल्याच वर्षी, २००७ मध्ये, ब्रिटनमध्ये कॉमिक रिलीफ या धर्मादाय उपक्रमासाठी याच कार्यक्रमाची एक छोटी आवृत्ती झाली होती. मालकाच्या खुर्चीत ॲलन शुगर होते, आणि तिथे हेच मॉर्गन काढले गेले होते. माणूस तोच, जीभ तीच. एका मालकाने बाहेरचा रस्ता दाखवला आणि दुसऱ्याने गळ्यात माळ घातली. वर्गाला ही हकीकत सांगितली की मुले ताबडतोब मॉर्गन यांच्यात वर्षभरात काय सुधारणा झाली असेल, याचे अंदाज बांधू लागतात. खुर्चीतला माणूस बदलला होता, ही गोष्ट फार थोड्यांना सुचते.

आता हे सगळे कापून-जोडून दाखवलेले असते, हे प्रेक्षकाला कळत नाही असे कुणी समजू नये. आमच्या गावाला तर ते शिकवायची गरजच नाही. शाहू महाराजांनी १९१२ च्या सुमारास उभारलेल्या खासबाग मैदानात कुस्ती पाहिलेला माणूस कुठल्या मिनिटाला कुणाचा हात ढिला पडला ते ओळखतो, आणि शाहू स्टेडियमवर पेठेच्या फुटबॉल संघासाठी घसा कोरडा करणाऱ्याला प्रत्येक खेळाडूच्या घरचा पत्ताही तोंडपाठ असतो. मामांनी तिसऱ्याच दिवशी हा सगळा प्रकार नुरा, म्हणजे आधी ठरवून खेळलेली कुस्ती, असल्याचे जाहीर करून टाकले होते. ते खोटे नव्हते. ज्या खोलीत जाब विचारला जाई ती ट्रम्प टॉवरमध्येच, पण मुद्दाम उभारलेला सेट होती. कार्यक्रमावर काम केलेल्या संकलकांनी पुढे उघडपणे सांगितले की ट्रम्प कधी कधी काम चांगले केलेल्यालाच काढून टाकत, आणि मग त्या माणसाची हकालपट्टी योग्य वाटावी म्हणून आधीच्या चित्रीकरणात त्याच्या चुका शोधून भाग उलट्या दिशेने रचावा लागे. म्हणजे प्रेक्षक ज्या पुराव्यावर निकाल देत होता, तो पुरावा निकालानंतर गोळा केलेला असे. हे मी जेवताना सांगितले तेव्हा मामा जोरात हसले, म्हणाले की असले जमाखर्च त्यांनीही पाहिले आहेत, आणि लगेच स्क्रीनकडे वळून म्हणाले, “पण तो टोपीवाला आळशीच हाय.” नुरा असल्याचे माहीत असणे आणि निकाल देण्याची हौस, या दोन्ही गोष्टी एका माणसात सुखाने नांदतात.

आपल्याकडे याच्या जवळचा म्हणता येईल असा कार्यक्रम म्हणजे ‘शार्क टँक इंडिया’. तो २० डिसेंबर २०२१ रोजी सोनीवर सुरू झाला. रचना पुरती वेगळी आहे. तिथे धंदा घेऊन साधी माणसे येतात आणि पैसे गुंतवणारे उद्योजक, म्हणजे ‘शार्क’, समोर बसतात. गंमत अशी झाली की आपल्या प्रेक्षकाने स्पर्धक सोडून समोर बसलेल्यांनाच तपासायला घेतले. अशनीर ग्रोव्हर यांचे तोडून बोलणे, नमिता थापर यांनी हा आपला प्रांत नाही म्हणून माघार घेणे, अनुपम मित्तल यांचे शांतपणे घासाघीस करणे, यांच्या नकला घरोघरी झाल्या. पहिल्या हंगामाअखेर हे परीक्षक स्वतःच प्रसिद्ध व्यक्ती झाले होते, आणि त्यांच्यातला कोण माजोरा, कोण माणुसकीचा, यावर पानाच्या टपरीवरही मते ऐकू येत होती.

त्या हंगामात मालेगावकडचे कमलेश घुमरे आले होते, ‘जुगाडू कमलेश’ म्हणून गाजले ते. फवारणीच्या औषधाचा भार शेतकऱ्याच्या पाठीवरून काढून गाड्यावर घेणारे यंत्र त्यांनी घरच्या घरी बनवले होते. शार्क मंडळींतल्या पीयूष बन्सल यांनी त्यांना चाळीस टक्के हिश्श्यासाठी दहा लाख रुपये आणि वर वीस लाखांचे बिनव्याजी कर्ज दिले. आत्यांनी पदराने डोळे पुसले. मामांनी चाळीस टक्के या आकड्यावर बरीच खळखळ केली. पुतण्या मात्र पुढे सरकून बसला, त्याने तो भाग दोनदा मागे नेला आणि म्हणाला, “काकी, ओल्या रानात हे चाक रुतणार न्हाई का? आणि टाकी भरली की वजन कुठं पडतंय ते बघ.” मग त्याने वहीच्या मागच्या पानावर गाड्याची आकृती काढली, धुरा थोडा मागे सरकवला आणि पुन्हा खोडला. त्या रात्री जेवण झाल्यावर त्याचे आणि मामांचे नांगरटीच्या रानाविषयी बराच वेळ चालले होते. कमलेश यांचा स्वभाव कसा, ते रडले ते खरे की खोटे, यावर त्याने एक अक्षरही काढले नाही. माझ्या सुरुवातीच्या विधानाला हा एवढा अपवाद मला नोंदवलाच पाहिजे, की समोरचे काम स्वतःच्या हाताखालचे असले तर प्रेक्षक माणसाला सोडून कामाकडे पाहतो. गायकांनी आणि नटांनी एका रात्रीत बनवलेल्या जाहिरातीत कुणाच्या हाताखालचे असे काही नसते.

खरा आक्षेप मला प्रेक्षकांवर घ्यायचाच नाही. त्यांच्यासमोर जो प्रश्न ठेवला जातो त्यावर घ्यायचा आहे. दर आठवड्याला कुणाला तरी काढायचे, हे आधीच ठरलेले असते. काम उत्तम झाले असेल, हार नाममात्र फरकाने झाली असेल, तरी दोषी हवाच. मग टेबलाभोवती बसलेल्यांना विचारले जाते, तुम्ही असता तर कुणाला काढले असते, आणि घरोघरचे प्रेक्षक तोच प्रश्न उचलून त्याच्या उत्तरावर भांडत राहतात. हा प्रश्नच चुकीचा आहे, असे म्हणताना मी अजून कुणाला ऐकलेले नाही. मामा सांगतात की रोजकीर्द जुळली नाही तर दुकान बंद करून सगळे जण कंदील लावून बसत आणि आकडा कुठे सुटला ते शोधत. तो सापडल्याखेरीज कुणी घरी जात नसे, मालकसुद्धा. चूक कुणाच्या हातची होती हे नंतर कळायचेच, पण शोध त्याचा नसे. यावर पुतण्या म्हणतो की त्या काळी एका दुकानात चार माणसे होती, शॉपवर चाळीस असली की दम द्यावाच लागतो. त्याचेही खरे असेल. हाताखाली चाळीस माणसे असण्याचा अनुभव मला नाही.

वर्गात मी आता तो प्रश्न विचारणे सोडले आहे. भाग दाखवून झाला की मुलांना गट पाडून इतकेच सांगते की हरलेल्या गटाने पैसे कुठे कमी जमवले ते शोधा आणि स्पर्धकांची नावे न घेता मांडा. सुरुवातीला त्यांना हे भलतेच कंटाळवाणे वाटते. नावे न घेता बोलायचे म्हटल्यावर निम्मा वर्ग मुका होतो. २०१५ च्या हंगामात लीझा गिबन्स ही निवेदिका जिंकली, ट्रम्प यांच्या काळातल्या सेलिब्रिटी हंगामांतली जोननंतरची दुसरीच स्त्री. तिच्या भांडणाचा गाजलेला तुकडा मला कुठे मिळाला नाही. मुलांना ती अजिबात आवडत नाही, कारण तिच्याविषयी बोलण्यासारखे काही नाही असे त्यांचे म्हणणे. आत्यांना ती आवडते, नेमक्या त्याच कारणासाठी.

या सगळ्यात ज्याच्याकडे आपण कधी पाहिलेच नाही, असा एक माणूस राहिला. आपल्याकडच्या प्रेक्षकाने निदान शार्क मंडळींना धारेवर धरले. अमेरिकन कार्यक्रमातल्या मालकाला मात्र माझा वर्ग, माझे घर आणि मीही पंच समजूनच बसलो होतो. ट्रम्प टेबलापलीकडून अनेकदा एखाद्या स्पर्धकाच्या संस्थेला स्वतःच्या खिशातून देणगी देत असल्याचे जाहीर करत, आणि तो क्षण हमखास टाळ्यांचा असे. ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने २०१६ साली सातही हंगामांतल्या अशा घोषणांचा माग काढला, तेव्हा ट्रम्प यांनी स्वतःच्या पदरचे पैसे दिल्याचे एकाही प्रकरणात खात्रीने सांगता आले नाही, काही रकमा निर्मिती कंपनीने भरल्या होत्या आणि काही त्यांच्या नावाच्या प्रतिष्ठानातून गेल्या होत्या, ज्यात दुसऱ्यांचेही पैसे होते. संस्थांना पैसे मिळाले, पण ज्याच्या नावावर टाळ्या पडल्या त्याच्या नावे खर्च पडलेला नव्हता.

हे मी मामांना वाचून दाखवले. त्यांनी चष्मा लावला, माझ्याकडून मोबाईल घेतला, आकडे मराठीत सांगायला लावले आणि मग त्या कर्णबधिर बाईच्या दहा लाखांवर परत आले. नऊ लाख शहाऐंशी हजारांचा त्यांना प्रश्न नव्हता. ते तिने आणले, हे त्यांनी मान्य केले होते. “वरचे चौदा हजार कुणाच्या नावे टाकलेत, ते बघ आधी,” ते म्हणाले. पुतण्या म्हणाला, “आजोबा, एवढ्या पैशात चौदा हजारानं काय हुतंय?” त्यावर मामांनी त्याला दिवाणजीच्या नोकरीतला एक लांबलचक किस्सा ऐकवायला घेतला, आणि मी दुसऱ्या दिवशीच्या तासासाठी तो चौदा हजारांचा तुकडा वेगळा काढून ठेवला.